पाच वॅटचा हातातला रेडिओ: चार संच, सव्वा वर्ष आणि वादळाच्या दोन रात्री

वस्तीतल्या आम्हा चौघांसाठी चार संच घेऊन सव्वा वर्ष झालं. दर गुरुवारी रात्री आठ वाजता ते चारही चालू होतात, आणि एका वादळात ते सलग दोन रात्री चालले. आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही. खोकं उघडलं त्याच दिवशी लिहिलेलं मत अशा वस्तूच्या बाबतीत कुणाच्याच कामाचं नसतं.

वस्तू कोणती ते आधी सांगतो. हातात मावणारा, दोन बँडचा, पाच वॅटचा एफएम संच. बँड म्हणजे वारंवारतेचा पट्टा, आणि त्याचं नाव लहरीच्या लांबीवरून: व्हीएचएफमध्ये दोन मीटरचा बँड आणि यूएचएफमध्ये सत्तर सेंटिमीटरचा. १२८ चॅनल साठवतो, ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे, वर आखूड रबरी अँटेना. हौशी रेडिओत शिरणारे बहुतेक लोक या सगळ्यात स्वस्त वर्गातूनच सुरुवात करतात. नाव मुद्दाम देत नाही. आतून जवळजवळ हाच संच पाच-सहा नावांनी विकला जातो, आणि मी जे गुणदोष सांगणार आहे ते या सगळ्या जातीचेच आहेत.

माझी नजर कुठली, तेही सांगायला हवं. मी २९ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केबल जोडण्याचं काम केलं. तळमजल्यावर दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने मांडलेले असायचे, ४८ व्होल्टची बँक. सगळीकडचे दिवे गेले तरी लोकांचे फोन चालायचे ते या बँकेच्या जोरावर. आज घराघरातला फोन मोबाइलच्या टॉवरवर विसंबून आहे, आणि टॉवरची बॅटरी ही काही तासांची सोबतीण. दिवे गेल्यावर सुरुवातीला काही जाणवत नाही. मग एकदम सगळ्यांचेच फोन मुके होतात. त्या मुक्या तासांसाठी मी हे संच घेतले. त्यामुळे त्यातली टॉर्च, रंगीत पडदा, गाणी ऐकायची सोय यांवर मी एक ओळही खर्च करणार नाही.

पहिली गोष्ट परवान्याची. संच सहज विकत मिळतो म्हणून कुणीही बटण दाबून बोलायचं नसतं. हौशी रेडिओचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते, आणि पास झाल्यावर स्वतःचं कॉलसाइन मिळतं, म्हणजे हवेत आपली ओळख सांगायचं अक्षर-आकड्यांचं नाव. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, येत नाही म्हणून घाबरणाऱ्यांना सांगतो: २००३ साली आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती निघाली आणि त्यानंतर बऱ्याच देशांनी ती परीक्षेतूनही काढून टाकली. आमच्यात शिकायला सगळ्यात जास्त वेळ मला लागला, तरी तीन महिन्यांत झालं.

परवान्याचा मुद्दा इथे आणतोय कारण हा संच त्या बाबतीत बेफिकीर आहे. खोक्यातून निघतो तो १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही प्रसारण करायला तयार. एवढ्या पट्ट्यात जहाजांचे चॅनल येतात, कुठे पोलीस, कुठे अग्निशमन दल. चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला तर आपण कुणाच्या तरी खऱ्या कामात पाय घालतो. दोन मीटरच्या बँडमधला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा तुकडा जगात सगळीकडे हौशींना दिलेला आहे. आम्ही चारही संच संगणकावरून त्या तुकड्यापुरतेच बांधून टाकले, आणि वरच्या, सत्तर सेंटिमीटरच्या बँडमध्ये परवान्यात लिहिलंय तेवढंच. ही मर्यादा कारखान्यातच घातलेली असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

आता पल्ला. सगळे आधी हेच विचारतात. खोक्यावर छापलेले किलोमीटर वाचूच नका. या वारंवारतेच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे प्रश्न वॅटचा कमी आणि उंचीचा जास्त. हिशोब सोपा आहे: अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, तेवढे किलोमीटर तुमचं क्षितिज. दोघांची क्षितिजं मिळवा. जमिनीवर उभ्या माणसाच्या तोंडापाशी अँटेना दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. अशी दोन माणसं सपाट मोकळ्या मैदानात दहा किलोमीटरपर्यंत बोलू शकतात. घरांच्या गर्दीत ते विसरा. रबरी अँटेनावर, खाली रस्त्यावरून, आम्हाला दीड किलोमीटर मिळाले, तेही एखाद्या कोपऱ्यावर दोन पावलं मागेपुढे होऊन. तोच संच गच्चीवर नेला तर नऊ किलोमीटरवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलला. म्हणून कुणी आठ वॅटचं मॉडेल गळ्यात मारायला आलं तर पैसे वाचवा. पाचाचे आठ वॅट केल्याने पलीकडच्याला फरक पडतो दोन डेसिबलचा, आणि सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचा काटा एक घर सरकायला सहा डेसिबल लागतात. जिना चढा. तो फुकट आहे.

रबरी अँटेना हा या संचाचा सगळ्यात लंगडा भाग. त्यावर एक उपाय आहे, तो मी हाताने करून पाहिलाय म्हणून नीट सांगतो. अँटेनाचं अर्धं अंग कमी असतं. ते काम आपला हात आणि अंग कसंबसं भागवतं. त्याऐवजी टेलिफोनच्या जंपर वायरचा ४९ सेंटिमीटरचा तुकडा घेतला, एका टोकाला सेंटिमीटरभर साल सोलली, उघड्या तारेचं छोटं कडं वळवलं आणि अँटेना फिरवून काढून ते कडं तिच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल असं बसवून अँटेना परत आवळली. तार खाली शेपटीसारखी लोंबते. बस, एवढंच. दोन मीटरवर ती पाव तरंगाएवढी होते. गंमत म्हणजे वरच्या बँडमधले ४३५ मेगाहर्ट्झ हे खालच्या १४५ च्या बरोबर तिप्पट असल्यामुळे वरच्या बँडवर तीच शेपटी पाऊण तरंगाची होऊन तिथेही चालते. आमच्या तळघरातून पूर्वी नुसती खरखर जायची. शेपटी लावल्यावर शब्द कळायला लागले. चारही संचांना ती लावलेली आहे. मात्र कडं मधल्या पिनेला शिवता कामा नये, हे दोनदा तपासा.

घरी खिडकीत टांगायला टीव्हीच्या जुन्या चपट्या ३०० ओहम वायरची दीड मीटरच्या आसपासची अँटेना करता येते, गुंडाळून खिशात ठेवता येते. ती संचाला जोडताना केबल जितकी आखूड तितकी बरी. आरजी-५८ जातीच्या बारीक केबलमध्ये दोन मीटरवर पंधरा मीटर लांबीतच निम्मी शक्ती जिरते. आयुष्यभर केबल ओढलेल्या माणसाचं ऐका: पाच वॅटमधले अडीच भिंतीला देऊ नका. आणि संचाच्या डोक्यावरचा कनेक्टर नाजूक आहे. जाड केबल थेट त्याला लोंबकळवली की वर्षभरात तो हलायला लागतो. मध्ये वीतभर मऊ केबलचा तुकडा घाला.

बॅटरीबद्दल मला बरं आणि वाईट दोन्ही सांगायचंय. १८०० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी, बरंचसं ऐकणं आणि अधूनमधून बोलणं अशा वापरात, मला साडेआठ तास पुरली. हे चांगलं आहे. वाईट हे, की पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह शेवटपर्यंत भरलेलं दिसतं आणि मग संच अचानक मान टाकतो. त्यावर भरवसा ठेवू नका. आम्ही प्रत्येक बॅटरीवर पांढरी चिकटपट्टी लावून चार्ज केल्याची तारीख लिहितो, अगदी एक्स्चेंजमधल्या सेलच्या वहीसारखी. दर संचाला दोन बॅटऱ्या, गाडीच्या १२ व्होल्टवर चालवायचा अडॅप्टर, आणि साधे पेन्सिल सेल घालायचा एक रिकामा डबा. संकटात चार्जर निरुपयोगी होतो, पण घड्याळाचे सेल प्रत्येक घरात सापडतात. जवळ बोलताना शक्ती एक वॅटवर आणा; बॅटरी जाते ती बोलण्यात, ऐकण्यात फारशी नाही.

चारपैकी एक संच मी परत केला. ओळखीच्या एकाकडे मोजून पाहिलं तर तो १४५ वर बोलताना दुप्पट आणि तिप्पट वारंवारतेवरही बऱ्यापैकी कचरा टाकत होता. बदलून आलेला ठीक निघाला. स्वस्त संचात नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी काटकसरीची असते, त्याचा हा परिणाम, आणि दुसऱ्याला त्रास देणारा संच मी वापरणार नाही. दुसरा दोष सगळ्याच संचांत आहे: एखाद्या मोठ्या प्रसारण टॉवरच्या पायथ्याशी गेलं की ते बहिरे होतात. शेजारचा दणकट सिग्नल आत घुसतो आणि लांबचा आवाज बुडतो. तुमचं मदतकेंद्र अशा टॉवरजवळ असेल तर आधी जाऊन ऐकून बघा.

मेनूविषयी तक्रार आहे ती मनापासूनची. चाळीसएक मेनू, आखूड इंग्रजी नावं, आणि त्यातली एक सोय चक्क घातक. ‘ड्युअल वॉच’ चालू असेल तर संच दोन चॅनल आलटून पालटून ऐकतो. एका गुरुवारी मी वरच्या ओळीवर बोलतोय असं समजून निरोप दिला. क्षणभर आधी खालच्या ओळीवर कुणीतरी बोललं होतं, आणि माझा अख्खा निरोप तिकडे गेला. आमच्यापैकी कुणीच ऐकला नाही. सरावात झालं म्हणून निभावलं. त्या दिवशी चारही संचांत ड्युअल वॉच बंद, आवाजाने आपोआप चालू होणारी सोय बंद, बोलून झाल्यावरची ‘बीप’ बंद, आणि कळफलक कुलूपबंद. एकदा बोलायला लागल्यावर तीन मिनिटांत प्रसारण तोडणारा टायमर मात्र चालू ठेवा. बटण गादीखाली दाबलं गेलं तर एक संच सगळ्यांचा रस्ता अडवतो.

बटणं दाबत चॅनल भरायच्या फंदात पडू नका. चर्प नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, केबलने जोडून सगळी यादी एकदम भरता येते. आणि भरायचं ते चारही संचांत एकसारखं. आमचा पहिला चॅनल थेट, म्हणजे संचावरून संचावर, दुसरा थेट राखीव, तिसरा रिपीटर, आणि चौथा रिपीटर ज्या वारंवारतेवर बोलतो तिच्यावरच थेट. ज्यांना रिपीटर माहीत नाही त्यांच्यासाठी: उंचावर बसवलेलं यंत्र एका वारंवारतेवर आपलं ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवर मोठ्याने सांगतं. दोन मीटरवर या दोहोंत बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि ते जागं करायला आवाजाखाली एक बारीक सूर पाठवावा लागतो, ८८.५ हर्ट्झसारखा. त्याने पल्ला कितीतरी वाढतो, पण रिपीटरलाही वीज लागतेच. म्हणून नियम लहान मुलालाही पाठ व्हावा असा ठेवलाय: तीन गेला की एकवर या.

संचाचं परीक्षण लिहिताना बोलण्याच्या पद्धतीवर का लिहितोय? कारण एफएमवर दोघं एकाच वेळी बोलले तर बळकट आवाज दुसऱ्याला पुसून टाकतो, आणि पुसला गेलेल्याला ते कळतसुद्धा नाही. म्हणून एक जण सूत्रधार असतो, तो एकेकाला नाव घेऊन बोलावतो. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि आकडे. सरावात एकाने ‘साठ’ सांगितलं, लिहिणाऱ्याने ‘सात’ लिहिलं. खरखरीत ठ आणि त सारखेच ऐकू येतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचं तर सुरुवातीचं ‘एकोण’ तेवढं पोचतं. आता आमच्याकडे जोडआकडा बोलायचाच नाही. साठ म्हणजे ‘सहा, शून्य’. नावाचं अक्षर अडलं तर कमळाचा क, खटाऱ्याचा ख. कॉलसाइन मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीनेच, ‘ए’ला अल्फा, ‘बी’ला ब्राव्हो. ऐकणाऱ्याने निरोप लिहायचा, परत वाचून दाखवायचा, आणि ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय चॅनल सोडायचा नाही.

वादळाच्या पहिल्या रात्री पावणेदहाला दिवे गेले. दोनच्या सुमाराला मोबाइल गेले. साडेतीनला मी तिसऱ्या चॅनलवर बटण दाबून सोडलं तर रिपीटरचा तो नेहमीचा ‘खट्ट’ परत आलाच नाही. मी एकवर आलो, आणि तिथे बाकीचे तिघं आधीच हजर होते. त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत मांडता येत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांना मिनिटाला दोन लिटर प्राणवायू लागतो. त्यांचं यंत्र विजेवरचं, त्यामुळे आता ते राखीव सिलिंडरवर होते. आमच्यातली एक ताई त्यांच्या दारात, एक मुलगा दवाखान्याच्या फाटकापाशी, आणि मी गच्चीवर दोघांच्या मध्ये, कारण त्यांना एकमेकांचं थेट ऐकू येत नव्हतं.

“काका, काट्यावर सहा, शून्य. दहा लिटरचा सिलिंडर.”

“सहा, शून्य. दहा लिटरचा. बरोबर?”

“बरोबर.”

मुलाने ते आतल्या परिचारिकेला दाखवलं. साठ बार गुणिले दहा लिटर म्हणजे सहाशे लिटर, म्हणजे पाच तास. तिने दुसऱ्या एका घरी, जिथे तासाभराचंही उरलं नव्हतं, तिकडे आधी सिलिंडर धाडला आणि आजोबांकडे सात वाजता. तिथे ‘सात’ पोचलं असतं तर पस्तीसच मिनिटं उरली असं समजून सिलिंडर आधी आजोबांकडे गेला असता, आणि दुसऱ्या घरचा माणूस थांबला असता. संच तोच, पाच वॅट तेच.

पाऊस मात्र या संचाला सोसत नाही. त्या रात्री आम्ही तो जेवण ठेवायच्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधून वापरला. पिशवीवरूनच बटण दाबायचं, पिशवीतूनच बोलायचं. आवाज थोडा दबतो, पण कळतो.

हा संच काय करू शकत नाही तेही स्वच्छ सांगतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हौशी रेडिओ केंद्र चालवायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, आणि अंदमानातून बाहेर निरोप जाऊ लागले ते त्यांच्यासारख्यांमुळे. ते काम हाय फ्रीक्वेन्सीचं, आकाशातल्या थरावरून परत येणाऱ्या लहरींचं. हातातला संच समुद्र ओलांडत नाही. वस्तीबाहेर निरोप न्यायचा असेल तर कुणा एकाकडे चाळीस मीटर बँडचा संच आणि वीस मीटर लांबीची तार हवीच. ती तार फार उंच नको. सहा-सात मीटरवर बांधली की लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरवर उतरतात. हौशींच्या जागतिक संघटनेने आपत्तीसाठी सुचवलेली १४.३०० मेगाहर्ट्झची जागाही अशाच संचावर ऐकू येते. आमच्याकडे एका काकूंकडे असा संच आहे, आणि बाहेरचा सगळा भार त्यांच्या एकट्यांवर आहे. ते मला बरोबर वाटत नाही.

कुणी घ्यावा? परवाना आहे किंवा परीक्षेला बसताय, आणि जोडीला निदान दोन माणसं दर आठवड्याला अर्धा तास द्यायला तयार आहेत, त्यांनी जरूर घ्यावा. एका महाग संचाच्या पैशांत असे कितीतरी येतात, आणि वस्तीला हवे असतात ते कितीतरीच. एकट्याने घेऊन कपाटात ठेवणार असाल तर त्याऐवजी सेलवर चालणारा साधा रेडिओ घ्या. निदान बातम्या तरी ऐकाल.

मी पुढच्या महिन्यात आणखी चार घेतोय. त्यातला एक आजोबांच्या नातीसाठी आहे. तिची परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे आणि ओहमचा नियम तिला माझ्यापेक्षा चांगला समजलाय. तिच्या संचाची ४९ सेंटिमीटरची शेपटी मी आजच कापून ठेवली.